पहिला लॉट : पास

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. फक्त कामापुरती. भावनांना इथे जागा नाही.

काम असं. आमच्या रेकॉर्ड कारखान्यातून एकच गाणं असं निघालं की लोक वेडे झाले. लहान रेकॉर्ड. एका बाजूला ते गाणं, दुसऱ्या बाजूला कोणाच्याच लक्षात न राहिलेलं दुसरं. मी तिथे तपासनीस होतो. प्रेसवाल्याने, म्हणजे रेकॉर्ड छापणाऱ्या यंत्रावरच्या माणसाने, आधी दहा रेकॉर्डी काढायच्या, मी काचेच्या खोलीत हेडफोन लावून त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या, चिठ्ठ्यांवर सही करायची, मग बाकीचा लॉट काढायचा. सगळे मला कानसाहेब म्हणायचे. आदराने.

त्या गाण्याच्या पहिल्या लॉटमधल्या बारा हजार रेकॉर्डी परत आल्या. सूर डुलतो म्हणे. मधलं भोक केसभर बाजूला पडलं होतं म्हणे. त्या दिवशी प्रेसवर माझा मेहुणा होता, बायकोचा थोरला भाऊ. त्याची नोकरी गेली. त्याला एकोणतीस वर्षं झाली. तेव्हापासून त्याने आमच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. हीच वर्षातून दोनदा त्याच्याकडे जाऊन येते.

काल ही म्हणाली, तीन मार्चला मला साठ पूर्ण होतात. मला वस्तू नको, हॉटेल नको. दादा या घरात जेवायला आला पाहिजे. आणि तुम्ही त्याला एक वाक्य म्हणायचं. चूक माझी होती. बस, एवढंच.

वाक्य म्हणायला माझी ना नाही. पण ते खरं तर असायला हवं! पहिल्या लॉटच्या दहाच्या दहा रेकॉर्डी मी या कानांनी ऐकल्या होत्या. निर्दोष. दोष आला असेल तर तो नंतर, प्रेसवर. हे आता शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करणार. त्या गाण्याचे मिळतील तेवढे लॉट, मिळतील तेवढ्या आवृत्त्या जमवायच्या, ऐकायच्या, तुलना करायची. हातात सत्तावीस दिवस आहेत. भरपूर झाले.

६ फेब्रुवारी

घरात आधीच्या पाच निघाल्या. वर्गवारी केली. गाणं संपल्यावर लेबलाभोवती जो कोरा, चकचकीत पट्टा असतो त्यात एक नंबर कोरलेला असतो. त्यातला शेवटचा आकडा लॉटचा. सामान्य लोक पाकिटावरचा गायिकेचा फोटो बघतात. जाणकार पट्टा बघतो.

दुसऱ्या लॉटच्या दोन. चौथ्याची एक. सातव्याची एक. रेडिओ स्टेशनला पाठवलेली पांढऱ्या लेबलची एक. पहिल्या लॉटची नाही. परत आलेला सगळा माल तेव्हा वितळवला. पण काही लोकांनी आळसाने परत केल्या नसणार. माणसाच्या आळसावर माझा पूर्ण विश्वास आहे.

गुणपद्धत ठरवली. ऊब, उजेड, पोट, शेपूट. प्रत्येकी पंचवीस गुण. शेपूट म्हणजे गाणं संपताना आवाज कसा मावळतो ते. हिने विचारलं, आणि गाण्याला किती? मी म्हटलं, गाण्याला गुण नाहीत. गाणं सगळ्यांत सारखंच आहे. ती म्हणाली, या गाण्याने माझ्या भावाची भाकरी खाल्ली, ते मात्र कुठेच लिहू नका.

स्त्रियांना शास्त्रात भावना आणायची सवय असते.

८ फेब्रुवारी, दुपारी १

सकाळपासून चौदा वेळा ऐकलं. दुसरा लॉट फारच उबदार. सातव्याला पोटच नाही. तोपर्यंत साचा झिजलेला, गायिका शेजारच्या घरातून गातेय असं वाटतं.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. म्हणाले, पाच वेळा बेल वाजवली, मग दार ढकलून आत आलो. आवाज कमी करा, आमच्या कपाटातली भांडी थरथरतात. मी म्हटलं, आवाज आहेच कुठे? त्यांनी हिच्याकडे पाहिलं, हिने त्यांच्याकडे. काही बोलले असावेत, मला ऐकू आलं नाही. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

बेल बदलायला हवी. जुनी झाली आहे, वाजत नाही.

११ फेब्रुवारी

आतापर्यंतचे गुण. दुसरा लॉट ९१. रेडिओची प्रत ८३. चौथा लॉट ७४ (गायिकेला सर्दी झाल्यासारखी). सातवा ६८. चौथा आणि दुसरा यांत सतरा गुणांचा फरक! हा फरक साध्या कानाला कळणार नाही. मला पहिल्याच ओळीत कळला.

१२ फेब्रुवारी

हिने काल धूळ पुसताना पाकिटांची अदलाबदल केली. म्हणजे आज सकाळी मी चौथा लॉट समजून जिला पुन्हा ७४ दिले ती पट्ट्यावरच्या नंबराप्रमाणे दुसऱ्या लॉटची निघाली. तीच, जिला सोमवारी ९१ दिले होते.

सकाळभर डोक्याचा भुगा. शेवटी कारण सापडलं. सोमवारी हवा कोरडी होती, आज दमट आहे. दमट हवेचे सतरा गुण धरायचे. नोंद केली.

पुन्हा धूळ पुसायची नाही म्हणून हिला सांगितलं. ती म्हणाली, बरं. इतक्या लगेच बरं म्हणाली की जरा संशय आला.

१४ फेब्रुवारी

नवीन आवृत्त्या बघायला बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. गाण्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेली एक होती. जाड, जड, चकाकती. जाडजूड माणसासारखी, आत काही नाही. आणि एक स्टीरिओ. तिच्यात गायिका डावीकडे आणि गिटार उजवीकडे, दोघांचं भांडण झाल्यासारखी. फक्त उजवीकडून गिटार येतच नव्हती. उत्पादनातला दोष. मी जागच्या जागी तक्रार केली. दुकानदाराने ऐकलं, म्हणाला, येतेय की. बाजूच्या गिऱ्हाइकाला ऐकवलं, तोही म्हणाला, येतेय. मग दुकानदार फार गोड आवाजात म्हणाला, काका, कान एकदा दाखवून घ्या.

त्या दुकानात पुन्हा पाय ठेवणार नाही. एके काळी कानसाहेब म्हणून हात जोडणारे लोक होते. आता तिशीतलं पोरगं मला कान दाखवायला सांगतं.

१५ फेब्रुवारी

मुलीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरीला आहे. कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊ का, म्हणाली. म्हणजे आईने कळवलं. मी म्हटलं, माझ्या कानांची परीक्षा घ्यायची तर डॉक्टरनेच आधी माझ्याकडून पास होऊन यावं. ती हसली नाही. मग म्हणाली, बाबा, मामा येणार आहे ना नक्की? आईने मला तीनदा विचारलंय, तुम्ही घोळ तर घालणार नाही ना म्हणून.

घोळ! सगळं घर मिळून माझ्यावर पहारा.

जाता जाता एक तपशील नोंदवून ठेवतो, कारण शास्त्रात प्रामाणिकपणा हवा. पहिल्या लॉटच्या दहा रेकॉर्डी म्हणजे नियमाप्रमाणे दहा. प्रत्यक्षात सात ऐकल्या. मालक दारात उभे, ट्रक फाटकात उभा, रेडिओवर गाण्याची जाहिरात सुरू. सात आणि दहात काही फरक नसतो.

१८ फेब्रुवारी

मेहुण्याच्या दुकानावरून गेलो. वाट वाकडी करून नाही. त्या रस्त्याला एक जुन्या रेकॉर्डवाला बसतो, त्याच्याकडे जायचं होतं. म्हणजे त्याच्या अलीकडच्या रस्त्याला बसतो.

दुकान म्हणजे जिन्याखालची पत्र्याची खोली. शिवणयंत्रं दुरुस्त करतो. दारात दोन यंत्रं उघडी पडलेली. तो बल्बखाली मान घालून, कानशीने काहीतरी घासत होता. केस पूर्ण पांढरे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला दिसला नाही, म्हणजे त्याला मी दिसलो नाही. तीन-चार मिनिटं समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो आणि निघालो.

खरं सांगायचं तर बरं बस्तान बसवलंय त्याने. स्वतःचा धंदा, वर कोणी साहेब नाही. कारखाना पुढे बंदच पडला, तो असता तर तोही रस्त्यावर आला असता. एका अर्थी त्याचं नऊ वर्षं आधीच सुटलं. या बाजूने कोणी विचारच करत नाही.

रेकॉर्डवाल्याकडे तिसरा लॉट मिळाला. पहिला असेल तर ठेव म्हणून सांगितलं. गुडघे दुखतायत.

२० फेब्रुवारी

तिसरा लॉट ८८. हवा मध्यम.

हिने विचारलं, वाक्य पाठ झालं का? मी म्हटलं, निष्कर्ष आल्याशिवाय वाक्य कसं येणार? ती भाजी चिरायची थांबली. म्हणाली, अहो, तो अडुसष्ट वर्षांचा आहे. मला भाऊ एकच आहे. माझी पोर मामाच्या मांडीवर बसली ती त्याच्या घरी, या घरात कधी नाही. तुमचे निष्कर्ष होईपर्यंत आम्ही दोघं असू की नाही, तेही बघा.

बोलताना तिचा आवाज चढला. म्हणजे मला नीट ऐकू आला. वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याचे गुण धरता येत नाहीत.

२१ फेब्रुवारी

सात नव्हे, तीन. पण तिन्हींची सुरुवात. सूर डुलत असेल तर पहिल्या ओळीतच कळतो, पुढचं ऐकणं म्हणजे शुद्ध हौस. त्यामुळे तीन सुरुवाती म्हणजे हिशेबाने दहा पूर्ण रेकॉर्डींहून जास्तच भरतात.

२३ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

मिळाली!!!

रेकॉर्डवाल्याने निरोप पाठवला. कोणाचं तरी घर रिकामं होत होतं, खोकं आलं होतं. चष्मा लावून पट्टा पाहिला. शेवटचा आकडा एक. आणि कळस म्हणजे पाकिटाच्या आत चिठ्ठी! कारखान्याची पिवळी चिठ्ठी, निळा शिक्का. ‘ऐकून तपासले. निर्दोष.’ खाली माझी सही. म्हणजे ही नुसती पहिल्या लॉटची नाही, मी तपासलेल्या दहांपैकी एक आहे!

याहून मोठा पुरावा कोणत्या कोर्टाला हवा? रेकॉर्डवाला बघत होता म्हणून डोळे पुसले नाहीत.

हिला चिठ्ठी दाखवली. तिने हातात घेतली, दोनदा वाचली. ‘ऐकून तपासले’ मोठ्याने वाचलं. मग चिठ्ठी माझ्या हातात परत दिली आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. कपडे सकाळीच वाळत घातले होते.

२४ फेब्रुवारी

अजून वाजवली नाही. मुद्दाम. अशी रेकॉर्ड साक्षीदारांसमोरच वाजवायची असते. एकट्याने ऐकून ठेवली तर उद्या कोणी म्हणेल, यांनी काही फेरफार केला.

२५ फेब्रुवारी

नवी सुई आणायला हवी. जुन्या सुईवर अशी वस्तू वाजवणं पाप.

२६ फेब्रुवारी

नवी सुई आणली. पण नवी सुई रुळायला वेळ लागतो. तोवर सातवा लॉट वाजवत बसलो. खालचे गृहस्थ आता वर येत नाहीत, काठीने छत ठोकतात. हिने सांगितलं म्हणून कळलं.

२७ फेब्रुवारी

तीन सुरुवाती हे थोडं वाढवून झालं. एक. अर्धी. हेडफोनचा एक कान दुरुस्तीला होता, त्याला मी काय करणार? पण ती अर्धी मन लावून ऐकली. तिच्यात काही दोष नव्हता. असता तर मी सही केली असती का? सही आहे, म्हणजे दोष नव्हता. गोष्ट सरळ आहे.

१ मार्च

मेहुणा यायला तयार झाला. ही स्वतः जाऊन सांगून आली. मुलगीही येतेय. मी कार्यक्रम आखला. दुपारी बारा, आगमन. साडेबारा, दुसरा लॉट (तुलनेसाठी). बारा पस्तीस, प्रास्ताविक, मी. बारा पन्नास, पहिला लॉट. त्यानंतर मी मेहुण्याला माफ करणार. माणसाने मोठं मन दाखवावं. मग जेवण.

हिला कागद दाखवला. ती म्हणाली, परवा ते गाणं लावू नका. मी समजावलं. ती पुन्हा म्हणाली, नका लावू. तिसऱ्यांदा तिने हात जोडले. बायकोने नवऱ्यापुढे असे हात जोडलेले मला आवडत नाहीत, मी बाहेर निघून गेलो.

तिच्या भल्यासाठीच करतोय. भाऊ निर्दोष नाही हे तिने एकदा स्वीकारलं की सगळं सोपं होईल.

३ मार्च, दुपारी ४.४०

गेले सगळे. क्रमाने लिहितो.

मेहुणा बाराला पाच कमी असताना आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि बारीक गोल कानशी. दुकानातून थेट आला असावा. उंबऱ्यापाशी चप्पल काढून जरा थांबला. हिने त्याचा हात धरून आत आणला, जणू त्याला वाट माहीत नव्हती. खरोखर माहीत नव्हती, घर आम्ही नंतर घेतलं. मुलगी मामाला बिलगली. सगळे दहा मिनिटं रडत-हसत होते. माझं प्रास्ताविक तिथेच लांबलं.

मेहुणा माझ्याशी चांगलं बोलला. तब्येत कशी, साखर वगैरे नाही ना. मी म्हटलं, ऐका. ही मधे म्हणाली, अहो, आधी ते वाक्य. मी म्हटलं, आधी पुरावा.

दुसरा लॉट लावला. व्यवस्थित. मग पहिला. चिठ्ठी सगळ्यांना दाखवून, हातरुमालाने कडा धरून. सुई टेकवली.

मला आवाज ठीकच वाटला. पण मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही जमिनीकडे बघत होती. मेहुणा ऐकतच नव्हता. तो सुईचा दांडा बघत होता. मग मीही पाहिलं.

दांडा डावीकडे जात होता, उजवीकडे येत होता. डावीकडे, उजवीकडे. रेकॉर्डच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, कोणी सावकाश नाही नाही म्हणून मान हलवावी तसा. एवढं तर बहिऱ्या माणसालाही दिसलं असतं.

मी म्हटलं, टेबल वाकडं आहे. प्लेयरच्या पायाखाली कागदाची घडी घातली. दांडा डावीकडे, उजवीकडे. मी म्हटलं, नवी सुई आहे, रुळलेली नाही. पुन्हा दुसरा लॉट लावला. दांडा सरळ, जागचा हलला नाही. पुन्हा पहिला. डावीकडे, उजवीकडे. गायिका बिचारी नावेत बसून गात असल्यासारखी असावी, मुलीच्या चेहऱ्यावरून.

तेव्हा मेहुणा उठला. जरा बघू का, म्हणाला. रेकॉर्ड उचलली, भोकातून खिडकीकडे पाहिलं. खिशातली गोल कानशी काढून भोकाची एक बाजू पाच-सहा वेळा घासली, फुंकर मारली. परत ठेवली, फिरवत ठेवून बोटाने हलकेच कडेला टिचक्या दिल्या. एक, दोन, थोडं इकडे. सुई टेकवली. दांडा सरळ. मुलगी म्हणाली, अय्या, आता बरोबर झालं.

दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

मग तो मला म्हणाला, अगदी साध्या आवाजात, रागाचा लवलेश नाही. म्हणाला, तेव्हाही एवढंच होतं. भोक पाडणारी मधली पिन सैल झाली होती. पहिल्या दहातच मला शंका आली, म्हणून काचेवर टकटक केली, प्रेस थांबवू का विचारायला. पिन बदलायला अर्धा तास लागला असता. तुम्ही आतून अंगठा वर करून दाखवलात, चालू दे म्हणून.

सगळे माझ्याकडे बघत होते. ती वेळ होती, हे मला कळत होतं. एक वाक्य. तोंड उघडलं. आणि मी म्हटलं, म्हणजे सिद्ध झालं. आवाजात दोष नव्हताच. भोकात होता.

गाणं संपलं. ही उठून पानं वाढायला गेली. जेवण झालं. मेहुण्याने सगळं पोटभर खाल्लं, छान झालंय म्हणाला. मग ही आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. दादाकडे जाते, म्हणाली. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, ते मी पुरावा बघून ठरवीन.

मुलगी आणि मेहुणा जिन्यात थांबले होते. दारात ही हळू आवाजात बोलली, पण तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सुटा, मला कळावा म्हणून. म्हणाली, तुम्ही झोपला होतात. हेडफोन लावून, भिंतीला डोकं टेकून. टकटक ऐकून दचकलात आणि अंगठा दाखवलात. दादाने त्याच संध्याकाळी मला सांगितलं. आणि म्हणाला, मालकाला सांगणार नाही. तुझी पोर चार महिन्यांची आहे, त्या घरात पगार यायला हवा. मी एकटा आहे, माझं निभेल. तुम्ही मात्र रिपोर्टवर लिहून दिलंत, तपासणीच्या वेळी माल निर्दोष होता, दोष प्रेसवर. तरी मी वाट बघितली. एक दिवस हा माणूस आपण होऊन मला सांगेल म्हणून. एकोणतीस वर्षं बघितली.

मुलगी त्यांना सोडायला गेली, तिथून तशीच स्टेशनवर जाणार आहे. जाताना मला म्हणाली, बाबा, जेवण झाकून ठेवलंय.

४ मार्च

डोळे मिटून ऐकायची माझी पद्धत होती. भिंतीला डोकं टेकलं की कंप हाडातून कळतो. बाहेरून बघणाऱ्याला ती झोप वाटू शकते. मेहुणा प्रेसवरचा माणूस, त्याला तपासणीतलं काय कळणार?

तिचा फोन नाही. मीही केला नाही. दोन दिवसांत येईल.

५ मार्च

पहिला लॉट पुन्हा ऐकला. गुण द्यायला बसलो. ऊब, उजेड, पोट, शेपूट. चारही रकाने कोरे राहिले. हवेला दोष देता येईना, हवा छान होती.

६ मार्च, सकाळी

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

शून्य.

मशीनवर रेकॉर्ड नव्हतीच. मुलगी तेव्हा रात्रभर जागवायची, मी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचो. त्या दिवशी खोलीत ऊन आलं होतं, हेडफोन मऊ होते, आत काही वाजत नव्हतं. आयुष्यात तेवढी गाढ झोप पुन्हा लागली नाही. काचेवर टकटक झाली. मी अंगठा दाखवला. मग दहा चिठ्ठ्यांवर ओळीने सह्या केल्या, आणि पुढे तो रिपोर्टचा कागद आला, त्यावरही केली. मेहुणा समोरून निघून गेला तेव्हा मी काचेच्या आत हेडफोन लावून बसलो होतो. तेव्हाही काही वाजत नव्हतं.

एवढं लिहून झालं. मोठं काम झाल्यासारखं वाटतंय. आता फक्त सांगायचं राहिलं, म्हणजे निम्म्याहून जास्त झालंच.

७ मार्च

त्याच्या दुकानावर गेलो. आज फुटपाथ ओलांडला. आत गिऱ्हाईक होतं, एक बाई यंत्राचा पट्टा बदलून घेत होती. तिच्यादेखत बरं दिसलं नसतं. ती गेली तेव्हा दुसरी आली. ती गेली तेव्हा तो जेवायला बसला. डबा बघून ओळखलं, हिच्या हातचा. परत आलो.

८ मार्च

पत्र लिहायचं ठरवलं. लिहिलेलं पक्कं असतं. सुरुवात चांगली झाली. मग पार्श्वभूमी द्यावी वाटली, त्या काळचे कामाचे तास, मालकांचा स्वभाव, मुलीचं रडणं. चार पानं झाली, त्यात एक तक्ता. शेवटी वाचून पाहिलं तर मेहुण्याने माझी माफी मागावी असं पत्र झालं होतं. फाडलं.

९ मार्च

आरशासमोर सराव. चूक झाली होती. नाही, तसं नाही. चूक आपली होती. तसंही नाही. माझीही चूक होती. ‘ही’ गाळायचा. दुपारपर्यंत गाळता आला. सलग सहा वेळा म्हटलं: चूक माझी होती. चूक माझी होती. आवाज स्पष्ट. मलाही ऐकू आला.

उद्या फोन.

१० मार्च

आज नको. आज तिची नेहमीची बाजाराची वेळ.

११ मार्च, सकाळी १०.२०

फोन केला. पाठ होतं. मनात एकदा म्हणून घेतलं, मग नंबर लावला. मेहुणा उचलेल असं धरून चाललो होतो. हिने उचलला. आठ दिवसांनी तिचा आवाज. म्हणाली, बोला.

ती वाट बघत होती. मागे शिवणयंत्राचा आवाज होता, तो थांबला. मेहुणाही ऐकत असावा. पुन्हा म्हणाली, बोला ना. या वेळी आवाज अगदी मऊ होता, साठ वर्षांच्या बाईचा वाटला नाही.

मी विचारलं, चहाची गाळणी कुठे असते?

ती म्हणाली, ओट्यासमोर, खिळ्याला. आणि ठेवला.

तिथेच होती.